खुर्च्या मोजल्या, खिडक्या नाही

होर्सेन्स, ६ सप्टेंबर १९९५

प्रिय आस्गर,

सर्व्हरच्या मेमरीचा आराखडा आज कचेरीच्या टपालाने तुझ्याकडे निघाला. त्यात सगळं आहे. पण तू शेवटच्या पानावरचा आकडा आधी बघतोस आणि मग वरचं वाचत नाहीस, म्हणून हे वेगळं पत्र. आकडा दोनशे छप्पन्न मेगाबाईट आहे. जास्त वाटेल. कापू नकोस.

तो कुठून आला ते सांगते. गेला आठवडाभर मी टोवेच्या पेन्शन विभागात खुर्ची टाकून बसले होते. तिच्या हाताखालच्या बायकांकडे जुनी हिरवी टर्मिनल होती तेव्हा एका वेळी एकच पडदा दिसायचा. आता टेबलावर संगणक आलेत, आणि त्या तीन-तीन खिडक्या उघडून बसतात. एकीत सभासद, दुसरीत त्याला गेलेले पैसे, तिसरीत त्याला पाठवायचं पत्र. आणि एकही बंद करत नाहीत.

"बंद का करत नाहीस?" मी लिस्बेटला विचारलं. ती दारापाशी बसते ती, लाल चष्म्याची.

"परत उघडायला किती वेळ लागतो बघितलंस का? तोवर फोनवरची म्हातारी मांजराच्या आजारपणापर्यंत पोचते."

"आणि जेवायला जाताना?"

"तेव्हा तर मुळीच नाही. सगळ्या एकदम उठतो, एकदम परत येतो. सगळ्यांनी एकदम उघडायला घेतलं तर संध्याकाळच होईल."

टोवे मागे उभी होती. म्हणाली, "बोदिल, सरळ सांग. आमच्या खिडक्यांनी तुझ्या त्या डब्याला काय होतं?"

मी म्हटलं, प्रत्येक खिडकी म्हणजे कोपनहेगनच्या मेनफ्रेमपर्यंत एक जोडणी. ती आमच्या येणाऱ्या सर्व्हरमधून जाणार, आणि उघडी असेपर्यंत त्याच्या मेमरीत जागा अडवून बसणार. तू काम कर नाहीतर हेरिंग मासा खात बस, जागा अडलेलीच. जागा संपली की तो सामान डिस्कवर नेऊन टाकतो आणि लागेल तसं परत आणतो. त्या ने-आणीतच वेळ जातो, काम कुणाचंच होत नाही.

"माझ्या नणंदेचं स्वयंपाकघर," टोवे म्हणाली. "ओटा एवढासा. एक पातेलं घ्यायला तीन जमिनीवर ठेवावी लागतात. तिच्याकडे जेवायला गेलो की आम्ही घरून खाऊन जातो."

म्हणून मी खुर्च्या मोजल्या नाहीत, खिडक्या मोजल्या. एवढंच.

शुक्रवारी यंत्रखोलीतल्या आमच्या आयविनने केक आणला. पंख्याची समजून त्याने लेखाविभागाच्या छपाईयंत्राची वायर उपटली होती. उभा राहिला, स्वतः कापला, आणि म्हणाला, "मी चुकीची वायर उपटली, आणि मला वाटायला हवं तेवढं वाईट वाटत नाहीये." वाक्याचा दुसरा अर्धा भाग धरायचा की नाही यावर वाद झाला. आयविन म्हणाला, रीतीत पश्चात्ताप कुठे आहे? चुकलेल्याने केक आणायचा, स्वतः कापायचा, एका वाक्यात खरं सांगायचं. केक खाल्ला की विषय संपला. आस्गरने घातलेली रीत आहे, विचारा त्याला. टेप पुसल्यावर तू आणलेला तो कोरडा सफरचंदाचा केक अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

चाचणी नोव्हेंबरात. सर्व्हर नीट चालला तर यंत्रखोली होर्सेन्सला राहील, नाही चालला तर सगळं तुमच्याकडे कोपनहेगनला जाईल आणि आम्हा अठरा जणांना निरोप. तुला हे सांगायला नको. ठराव तूच लिहिलास.

तुझा पावसाळी कोट अजून माझ्या घरी दारामागच्या खुंटीवर आहे. उन्हाळ्यात नेईन म्हणाला होतास. उन्हाळ्यात मीही तिकडे येणार होते म्हणा.

बोदिल


होर्सेन्स, ४ ऑक्टोबर १९९५

प्रिय आस्गर,

खोकं आलं. आयविनने झाकण काढलं आणि मला हाक मारली. आत मेमरीच्या पट्ट्यांसाठी आठ खाचा, त्यातल्या चार भरलेल्या.

"कवळी विसरून आलाय," आयविन म्हणाला.

एकशे अठ्ठावीस. बरोबर निम्मे.

दुपारी फोनवर तू जे म्हणालास ते मी पुन्हा मनात म्हणून बघितलं, तुझ्यावर अन्याय व्हायला नको म्हणून. तू म्हणालास, "माणशी एक जोडणी, बोदिल. कामाच्या नियमांत आहे. काम झालं की खिडकी बंद करायची."

मी म्हटलं, "ते नियम वाचलेत कुणी?"

"वाचतील."

"आस्गर, मी त्यांच्या शेजारी बसून बघितलंय."

"तू नेहमी लोकांच्या शेजारी बसून बघतेस. म्हणून तुझे आकडे फुगतात. मेमरी सोन्याच्या भावाने मिळते सध्या. मी वर शब्द देऊन बसलोय."

कधी दिलास शब्द? माझा आराखडा येण्याआधी दिलास, हो ना? मग मला आठवडाभर तिथे बसवलं कशाला? मी आकडा काढायचा आणि तू तो आपल्या शब्दाच्या मापाने कापायचा, तर माझ्याऐवजी कात्री ठेवायची.

माझी बाजू तपासून बघते. मी आकडा फुगवते का? थोडी जागा राखून ठेवते, खरं आहे. तूच शिकवलंस ते. 'महिन्याची पहिली तारीख बघून मोजायचं, पंधरावी बघून नाही.' एका टेबलावर समोरासमोर बसायचो तेव्हा म्हणायचास.

एक वाक्य लिहिलं, खोडलं, आता परत लिहिते आहे. हे चालावं असं तुला वाटतं ना? ते न चालण्यात तुझा काही फायदा आहे असं मला वाटायला लागलं तर मी कुठे जाऊ?

पट्ट्या अजून बसवता येतील. चार खाचा रिकाम्या आहेत. वेळ आहे.

बागेतल्या काळ्या बेरींचा रस केला. तुझ्या वाटच्या बाटल्या तळघरात आहेत.

बोदिल


होर्सेन्स, ३ नोव्हेंबर १९९५

आस्गर,

बुधवारी पहिली तारीख होती. पेन्शन जमा व्हायचा दिवस. ज्याला कमी वाटतं तो फोन करतो, ज्याला जास्त वाटतं तोही करतो, कारण आपल्याकडची म्हातारी माणसं प्रामाणिक आहेत. सकाळी तासभर सगळं चाललं. टोवेने मला अंगठा दाखवला. मग फोनची दुसरी रांग सुरू झाली, दुसऱ्या खिडक्या उघडल्या, तिसऱ्या उघडल्या, आणि सगळ्या पडद्यांवर वाळूचं घड्याळ येऊन बसलं.

सर्व्हरची डिस्क खोलीच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होती. ने-आण, ने-आण. आयविन एकेक जोडणी हाताने तोडत होता, आणि तोडली की वरच्या मजल्यावरून किंकाळी यायची. "कुणाची गेली ते आवाजावरून ओळखतो आता," तो म्हणाला. तेव्हा हसलो. दुपारी कुणी हसत नव्हतं.

मी वर गेले. लिस्बेट फोनवर होती. पलीकडे एक बाई होती, आठवड्यापूर्वी नवरा गेलेला. अंत्यविधीची मदत मिळणार की नाही एवढंच तिला हवं होतं. दफनवाल्याला आज सांगायचं होतं. लिस्बेट म्हणत होती, "हो हो, मी आहे, तुम्ही ठेवू नका, येतंय आता." पडद्यावर काहीच येत नव्हतं. तिने वाळूच्या घड्याळावर हात ठेवला, त्या बाईला दिसणार होतं जणू. शेवटी ती बाईच म्हणाली, "राहू दे गं, तुझाही दिवस वाईट चाललेला दिसतोय." लिस्बेट प्रसाधनगृहात जाऊन बराच वेळ आली नाही.

हिरवी टर्मिनल तू सप्टेंबरातच उचलायला लावलीस, त्यामुळे मागे जायलाही वाट नव्हती. काल आम्ही माणशी एक खिडकी असं बांधून टाकलं. तुझा नियम. मग सर्व्हर चालला आणि काम बंद पडलं, कारण एका खिडकीत त्यांचं काम होतच नाही. टोवे म्हणाली, "गाडी छान चालते, फक्त आत बसायचं नाही."

मग संध्याकाळी तुझा फोन. मी ब्रेडवर कलेजीची पेस्ट लावत होते, हातात सुरी तशीच होती. तुझा आवाज ऐकून आधी बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

"वर विचारतायत, चूक कुणाची म्हणून," तू म्हणालास.

"मग सांग ना."

"बोदिल, माझं नाव आलं तर सगळा प्रकल्पच जाईल. होर्सेन्सही जाईल. तू केक आण. खाल्ला की विषय संपतो, तुला माहितीये. तुझ्यावर काही येणार नाही, मी बघतो. केकच तर आहे गं."

मी सुरी खाली ठेवली. मग तू म्हणालास, "नाताळात येतो. निवांत बोलू. कोटही न्यायचाय."

मला सांग, ती दोन वाक्यं तू एकापाठोपाठ मुद्दाम म्हणालास, की तशी ती सुचली?

बोदिल


होर्सेन्स, ११ नोव्हेंबर १९९५

आस्गर,

काल केक नेला. खोबऱ्याचा, वर जळक्या साखरेचा, मोठ्या पत्र्यात. यंत्रखोलीतले सगळे आणि टोवेच्या बायका, मिळून कॅन्टीनमध्ये चाळीसेक माणसं होती. त्यांनी मेणबत्त्या लावल्या होत्या, नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो ना.

मी उभी राहिले, कापला, आणि म्हटलं, "सर्व्हरला मेमरी मी कमी धरली."

सुरी अजून केकातच होती. कुणी टाळी वाजवली नाही. एरवी कुणीतरी वाजवतंच. लिस्बेट पहिली पुढे आली आणि तिने कोपऱ्याचा तुकडा घेतला, ज्याला साखर जास्त असते तो. मला वाटलं, ही मला माफ करते आहे. आणि मी ती माफी घेतली, आस्गर. तुझ्या वाटची होती ती, मी सही करून घेतल्यासारखी घेतली.

आयविनने तुकडा घेतला नाही.

"घे ना," मी म्हटलं.

"साखर वाढलीये."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

झाकण त्यानेच काढलं होतं. रिकाम्या खाचा त्यानेच मोजल्या होत्या.

मी हे होर्सेन्ससाठी केलं असं स्वतःला सांगून बघितलं. अठरा जणांसाठी. हे वाक्य ऐकायला चांगलं आहे. पण पत्र्यात मिश्रण ओतताना मी अठरा जणांचा विचार करत नव्हते. नाताळात बदक करावं की डुकराचं मांस, याचा करत होते. तुला बदक आवडतं.

बुधवारी बाकीच्या पट्ट्या आल्या. कुणीतरी दिल्या, कुठून तरी आल्या. चारही खाचा भरल्या. दोनशे छप्पन्न. तेव्हापासून सर्व्हरचा आवाजसुद्धा येत नाही.

बोदिल


होर्सेन्स, २८ डिसेंबर १९९५

आस्गर,

तू आला नाहीस हे पत्राचं कारण नाही. बोटी वादळाने बंद होत्या असं तुझ्या कार्डावर होतं. कार्ड वादळाच्या आधी टपालात पडलं होतं. असो. बदक मी आणि आयविनच्या बायकोने मिळून संपवलं.

कारण हे, की तुझा चाचणीचा अहवाल इथे पोचला. टोवे कामगार प्रतिनिधी आहे, म्हणून तिला प्रत मिळाली. तिने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि बोट एका ओळीवर ठेवून उभी राहिली. ओळ अशी: 'मेमरीचा अंदाज चुकल्याचं होर्सेन्सच्या नियोजकाने कर्मचाऱ्यांसमोर स्वतः मान्य केलं आहे, त्यावरून अशा कामासाठी लागणारी क्षमता स्थानिक पातळीवर नाही असं दिसतं.' यंत्रखोली मार्चअखेर बंद.

केक तू लिहिला नाहीस. तेवढी लाज होती, की अहवालात केक बरा दिसत नाही म्हणून?

मी संचालकांना फोन केला. सगळं सांगितलं. माझा आकडा, तुझी काट. ते फार सभ्यपणे बोलले. म्हणाले, "पण तुम्ही चाळीस लोकांसमोर म्हणालात ना? तेव्हा तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली होती का?" मी म्हटलं, नाही. खरंच कुणी केली नव्हती. मग ते म्हणाले, "आता नोकऱ्या जाताना आठवण बदलते, हे मी समजू शकतो."

मग मी खोलीत परत आले आणि सगळ्यांना सांगितलं की मी खोटं बोलले होते. मला वाटलं होतं ओरडतील. आयविनने कॉफी ओतली. "आम्हाला माहिती होतं," तो म्हणाला. "मग खाल्ला कशाला?" मी विचारलं. मागून कुणीतरी म्हणालं, "तू केला होतास म्हणून." आयविन म्हणाला, "आणि मी खाल्ला नाही म्हणून मला बोलता येतं. वर जाऊन बोललोही मी. यंत्रखोलीतल्या माणसाचं कोण ऐकतं? वर त्यांना एक वाक्य मिळालंय. ते तूच दिलंस."

राग नव्हता त्याच्या आवाजात. असता तर सोपं झालं असतं.

अकरा वर्षं आपण ती रीत पाळली, आस्गर. छपाईयंत्रं, टेपा, चुकीच्या वायरी. कुणाचंही वाक्य खोलीबाहेर गेलं नाही. म्हणूनच माणसं खरं बोलायची. ते दार तू बसवलंस आणि तूच त्यातून चोरी केलीस. आणि मी आतून कडी काढून दिली.

बोदिल


होर्सेन्स, २९ जानेवारी १९९६

आस्गर,

तुझ्या कोपनहेगनच्या सर्व्हरचा आराखडा 'माहितीसाठी' म्हणून इथे फॅक्सने आला. ऐंशी माणसं. तू परत खुर्च्या मोजल्यास.

मी तो तीन वेळा वाचला, कारण माझा विश्वास बसेना. चूक एकदा होऊ शकते. हा मात्र तुझा स्वतःच्या अहवालावर विश्वास बसल्याचा पुरावा आहे. तू आधी वर सांगितलंस की बोदिल चुकली, आणि मग तुलाही ते खरं वाटायला लागलं. म्हणजे माणशी एक जोडणी बरोबरच होती, फक्त होर्सेन्सची बाई मोजायला चुकली.

मार्चच्या पहिल्या तारखेला तो कोलमडेल. होर्सेन्सपेक्षा चौपट मोठ्याने.

जेवणाच्या टेबलावर मी हे बोलले. आयविन म्हणाला, "गप्प बस."

"आयविन."

"गप्प बस म्हणतो. तोंड उघडायचं नाही. मार्चच्या पहिल्याला बुडू दे त्याला, दुसऱ्याला तुझा आकडा वर पाठव. कदाचित आपली खोली वाचेल. कदाचित नाही. पण मी ते बघायला रजा काढेन."

खरंच वाचली असती कदाचित. हे मला तेव्हाही दिसत होतं, आताही दिसतंय. अठरा माणसं, आणि मी फक्त एक महिना न बोलायचं. न बोलणं मला जमतं, हे नोव्हेंबरात सिद्ध झालंच आहे.

टोवे राय ब्रेडवर अंड्याच्या चकत्या लावत होती. वर न बघता म्हणाली, "तिथेही लिस्बेट असेल एखादी. फोनवर बायका असतील, नवरे गेलेले."

"टोवे, तू कुणाच्या बाजूची आहेस?" आयविन म्हणाला.

"फोनच्या."

नंतर आयविन माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, कारण मी काय करणार हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

तर ऐक. तुझ्या लोकांच्या शेजारी मी बसलेली नाही, पण काम तेच आहे, म्हणजे खिडक्याही तीन. ऐंशीला तिनाने गुण. जेवायच्या वेळेची सूट धरू नकोस. प्रत्येक जोडणीला आम्ही मोजली तेवढीच जागा दे, त्यावर पहिल्या तारखेसाठी राखीव ठेव. एका डब्यात मावणार नाही. दोन घे, प्रत्येकी पाचशे बारा. पूर्ण गणित सोबतच्या कागदावर आहे. शेवटचं पान आधी बघ, काही हरकत नाही.

हे मी तुझ्यासाठी करत नाहीये. हे लिहायची गरज नव्हती, पण तू चुकीचं समजशील म्हणून लिहिते. तुला चुकीचं समजायला आवडतं. आणि मी हे चांगुलपणाने करते आहे असंही नाही. मी दोनदा पाकीट बंद केलं आणि दोनदा वाफेवर धरून उघडलं. आयविनची मुलगी यंदा गर्भार आहे, त्याचं घर कर्जावर आहे. त्याच्याकडून काढून मी अनोळखी माणसांना देते आहे. हे बरोबर आहे असं मला वाटतं. मला बरं वाटत नाही.

बोदिल


होर्सेन्स, २९ मार्च १९९६

आस्गर,

आज शेवटचा दिवस होता.

एक मार्चला तुमच्याकडे काहीही झालं नाही, असं ऐकलं. दोन डबे, प्रत्येकी पाचशे बारा. पेन्शन फंडाच्या पत्रिकेत तुझा फोटो आलाय, सर्व्हरवर कोपर टेकून. 'माणसं प्रत्यक्ष कशी काम करतात हे बघून आम्ही मोजलं,' असं तू म्हटलंयस. टोवेने तो कापून कॅन्टीनच्या फळ्यावर लावला होता. कुणीतरी मिशा काढल्या. मी नाही. पण पुसल्याही नाहीत.

सकाळी तुमची गाडी आली, आमचा सर्व्हर न्यायला. डबा नकोय म्हणाले, फक्त मेमरी. तुझ्या दुसऱ्या डब्यात अजून खाचा रिकाम्या आहेत, त्या भरायच्या आहेत. आयविनने आठही पट्ट्या काढल्या, एकेक कापडी पिशवीत घातली, दात काढल्यासारखी, आणि ड्रायव्हरच्या हातात दिली. "सांभाळून ने," तो म्हणाला. "यातल्या चार उशिरा आल्या म्हणून आम्ही चाललोय." ड्रायव्हरला काही कळलं नाही. त्याने सही मागितली, आयविनने दिली.

टोवेचा विभाग इथेच राहतो आहे. सोमवारपासून त्यांच्या जोडण्या थेट तुमच्याकडे येतील. म्हणजे निदान लिस्बेटचं काम नीट चालेल. यावर मी समाधान मानायचं ठरवलं होतं, आणि दुपारपर्यंत ते जमतही होतं.

दुपारी केक आला. मुख्य रस्त्यावरच्या बेकरीतून, पांढऱ्या खोक्यात, वर चिठ्ठी: 'होर्सेन्समधल्या सगळ्यांना, मनापासून आभार. आस्गर.' खोबऱ्याचा, वर जळकी साखर. तू फोन करून मुद्दाम तोच सांगितला असशील. माझ्यासाठी. तुला वाटलं असेल, बोदिलला कळेल.

कॅन्टीनमध्ये पुन्हा तेवढीच माणसं होती. खोकं मधल्या टेबलावर उघडं. आयविनने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि सगळ्यांकडे बघितलं.

"कोण कापणार?"

कुणी उठलं नाही.

"भेटीचा केक आहे रे," नव्या लेखापालाने म्हटलं, तो जानेवारीत आलाय. "त्याला कापायला काय लागतं?"

"इथे खोबऱ्याचा केक कोण पाठवतं आणि का, ते तुला कळायला वेळ लागेल," टोवे म्हणाली. "कॉफी घे."

मग सगळ्यांनी कॉफी घेतली, आणि केक तसाच मध्ये. माणसं त्याला वळसा घालून कप उचलत होती. लिस्बेटने वाकून वास घेतला, म्हणाली, "छान आहे हो," आणि हात मागे घेतला. आयविन माझ्याजवळ आला. जानेवारीनंतर पहिल्यांदा नीट बोलला.

"तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा," तो म्हणाला.

"माहितीये."

"पण तुझा आकडा बरोबर होता. दोन्ही वेळा. हे कुणीतरी या खोलीत म्हणायला हवं होतं म्हणून म्हणतो." आणि मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दोन्ही वेळा."

सगळे गेल्यावर मी खोक्याचं झाकण लावलं. टाकून द्यावा असं एकदा वाटलं. मग विचार केला, तो माझा नाही, मी कशी टाकू?

तुझा कोट मी आज कचेरीत आणला आहे. कॅन्टीनच्या दारामागच्या खुंटीवर आहे. घरी आता ती खुंटी मला लागते.

हे शेवटचं पत्र, म्हणून एकदाच विचारते. तू आभार कुणाचे मानलेस? अठरा माणसांना घरी पाठवून आभार, की माझ्या आकड्याचे आभार, की त्या वाक्याचे? तिन्हीसाठी केक एकच पुरेल असं तुला वाटलं असेल. तू नेहमी कमीच धरतोस.

होर्सेन्समध्ये केक पाठवून चालत नाही, आस्गर. आणायचा असतो. उभं राहायचं, स्वतः कापायचा, एक वाक्य बोलायचं, खरं. सोमवारी टोवेच्या सगळ्या बायका कामावर असतील, लिस्बेटसुद्धा. आयविनला मी सांगितलंय, तो म्हणतो येईन, साखर बरी झालीये. सकाळची बोट पकडलीस तर जेवायच्या सुट्टीत पोचशील, तेव्हा सगळ्या एकत्र असतात, खिडक्या उघड्या टाकून.

खोबरं आहे, तोवर टिकेल. सुरी शेजारीच ठेवली आहे.

बोदिल